मलेरियाच्या गोळ्या, पेनकिलर आणि किडनी

मलेरियाची औषधं चालू असताना अंगदुखीसाठी सोबत पेनकिलर घेतली तर किडनीवर काय परिणाम होतो, त्याची ही नोंद. क्लोरोक्वीन किंवा आर्टेसुनेटसोबत एखादी गोळी पोटात गेली की किडनी गेलीच असं अजिबात नसतं. किडनी बिघडवतो तो बहुतेक वेळा मलेरियाच, चुकीची पेनकिलर त्यात भर घालते.

गडचिरोलीत जास्त सापडतो त्या फाल्सिपेरम मलेरियात परजीवी शिरलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, बाकीच्या फुटून सुटं हिमोग्लोबिन किडनीत उतरतं, त्यात उलट्या, घाम आणि खाणंपिणं बंद, म्हणजे अंगात पाणीही नाही. अशा वेळी किडनी आपला रक्तपुरवठा कसाबसा टिकवते ती प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांच्या जोरावर, कारण ती आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतात. आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ह्या गोळ्या दुखणं कमी करतात ते नेमकी हीच रसायनं बनणं रोखून! मग लघवी कमी होते, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) चढतं. ते दर डेसिलिटरला 3 मिलीग्रॅमच्या वर गेलं की डब्ल्यूएचओच्या निकषात तो गंभीर मलेरिया धरतात. (गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं मेली ती पण किडनी निकामी होऊनच, 2006 साली भारतात जनावरांसाठी ते बंद झालं.)

मलेरियाच्या औषधांपैकी जपायचं ते प्रायमाक्वीनला. व्हायवॅक्स ह्या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराला ते 14 दिवस देतात, पण ज्याला जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी आहे त्याच्या लाल पेशी त्याने फुटू लागतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. क्विनाइननेही क्वचित असं होतं, जुन्या पुस्तकात त्याला ब्लॅकवॉटर फीवर म्हणायचे. वर पेनकिलर चालू असेल तर किडनीला दोन्हीकडून मार.

तापाला पॅरासिटामॉल बरी. बांगलादेशात फाल्सिपेरमच्या पेशंटवर झालेल्या, 2018 मध्ये छापलेल्या एका ट्रायलमध्ये तर ती किडनीला थोडी मदतच करते असं दिसलं, फुटलेल्या पेशींच्या हिमोग्लोबिनने होणारं नुकसान ती कमी करते म्हणतात. अर्थात डोस पाळून, नाहीतर लिव्हरची वाट. घोळ होतो तो मेडिकलवाल्याकडून उठून आणलेल्या कॉम्बिफ्लॅममध्ये, लोक ती पॅरासिटामॉलच समजून घेतात, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात आयबुप्रोफेन पण लिहिलेलं असतं ते कोण वाचतंय. पावसाळ्यात ताप डेंग्यूचा निघाला तर आयबुप्रोफेनसारख्या ह्याच गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते ते वेगळंच.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गोष्ट निराळी. मूळ मलेरियाचं औषध, पण संधिवात आणि ल्युपसवाले (ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) ते वर्षानुवर्षं घेतात, ल्युपसमध्ये तर किडनी सांभाळायलाच देतात. मात्र सोबत रोजची पेनकिलर चालली आणि किडनी मंदावली की हेच औषध अंगात साठतं, डोळ्याच्या पडद्याला धोका वाढतो, म्हणून अशा पेशंटला क्रिएटिनिन आणि डोळे दोन्ही तपासायला लावतात.