पवनविद्युत क्षेत्र

एकाच उपकेंद्राला वीज देणाऱ्या पवनचक्क्यांचा समूह. इंदूरपासून सुमारे ३५ किमीवर असलेल्या देवासजवळच्या जामगोदरानी टेकड्यांवर मध्य प्रदेशातील सुरुवातीच्या अशा क्षेत्रांपैकी एक उभे राहिले. क्षयाच्या आजारात कुमार गंधर्वांना मानवली ती देवासची कोरडी हवा. वाऱ्याची किंमत मात्र बरीच नंतर कळली.

उभारणीआधी उंच मापन-मनोऱ्यावरून किमान वर्षभर वारा मोजतात. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग सेकंदाला ५ मीटरवरून ६ मीटर झाला, तर ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते. त्यामुळे टेकडीच्या माथ्यावर चाललेला हिशेब पायथ्याशी कोसळतो. शिवाय जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बेट्झ यांच्या नियमानुसार आदर्श चक्रालाही यातली ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा घेता येत नाही.

जागा निवडायची वाऱ्यासाठी, पण पाती चढवायची वारा पडलेला असताना, हा या धंद्यातला गमतीचा पेच. जोराच्या वाऱ्यात क्रेन थांबवावी लागते. पावसाळ्यात तर माळव्याची काळी माती फुगते आणि पात्यांचे लांबलचक ट्रेलर रुततात. म्हणून अवजड कामे शक्यतो हिवाळ्यात उरकतात. पाया या मातीवर न टाकता खाली घट्ट थरापर्यंत नेतात. मनोऱ्यांमधल्या जमिनीत सोयाबीन-गहू पूर्वीसारखेच पिकतात. जागा जाते ती पायाची आणि रस्त्यांची.

साधारण ३ मीटर वेगाला चक्की वीज देऊ लागते. २५ मीटरच्या आसपास ती पाती वळवून स्वतःला थांबवते. वर्षाच्या उत्पादनाचा मोठा वाटा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत पदरात पडतो. त्यामुळे गिअरबॉक्सचे तेल, बोल्टांचा ताण, पात्यांवरील तडितरोधक यांची तपासणी उन्हाळ्यातच संपवावी लागते. जुलैत बंद पडलेली चक्की फार महागात पडते. दिवसाच्या ९६ पंधरा-मिनिटी टप्प्यांचा उत्पादन-अंदाजही विजेच्या मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणाऱ्या भारनियंत्रण केंद्राला द्यावा लागतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे चुकला तर शुल्क भरावे लागते.

२०१७ च्या पहिल्या केंद्रीय लिलावात पवनविजेचा दर युनिटला ३.४६ रुपयांवर आला. जुन्या प्रकल्पांची अडचण निराळी आहे: उत्तम माथे आधीच लहान यंत्रांनी अडवलेले. त्यांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्याचे केंद्रीय धोरण २०१६ मध्ये आले.