गळाची मासेमारी, पुणे परिसरातील

मुळा, मुठा, इंद्रायणी, पवना व भीमा या नद्यांवर आणि त्यांच्या जलाशयांत दोरी, गळ व आमिष यांनी मासे धरण्याची पद्धत. भोई समाजाची जाळ्याची मासेमारी या नोंदीत अभिप्रेत नाही. हौसेने गळ टाकणाऱ्यांना खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना व उजनी हे जलाशय परिचित आहेत.

अमेरिकेत गोड्या पाण्यातला हा छंद म्हणजे बहुधा ‘बास’. ‘मिक्रोप्टेरस’ या प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे) ते मासे मूळचे उत्तर अमेरिकेतील. पुण्याकडच्या पाण्यात ते नाहीत. मात्र बाससाठी बनवलेला रबरी बेडूक येथे मरळीला चालतो. दोन्ही मासे पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून भक्ष्यावर झडप घालतात. मरळ हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येते. तिथे उठणारा बुडबुडा पाहून जाणकार त्याच्या थोडे पुढे बेडूक टाकतो. बाकी सरंजाम साधाच: गांडूळ किंवा कणकेची गोळी, आणि मोरपिसाच्या दांड्याचा तरंगा.

या परिसराचे शास्त्रीय महत्त्व मात्र महसीर या माशामुळे आहे. मराठीत याला खडची, खडशी असेही म्हणतात. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या माशांवरील निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८ च्या अखेरीस वाचला. त्रोटक वृत्तांत १८३९ मध्ये व सविस्तर सचित्र लेख १८४१ मध्ये निघाला. म्हणून त्याने दिलेल्या शास्त्रीय नावांपुढे ही दोन्ही साले आढळतात. येथे १८३९ हे ग्राह्य धरले आहे. त्याने ‘खुड्री’ या जातीचा नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत, तर ‘मुसुल्ला’चा शिरूरजवळ घोड नदीत नोंदविला. स्थानिक नावेच त्याने जातिवाचक म्हणून घेतली. ‘सींगटी’च्या मागे शिंगटा आहे आणि तोंडावर खोल खाच असलेल्या ‘नुकटा’च्या मागे बहुधा नकटा हा शब्द असावा.

मुसुल्लाचा घोळ दीर्घकाळ चालला. अनेक अभ्यासकांनी त्याला महसीरच्या ‘टॉर’ प्रजातीत बसविले आणि कावेरीतल्या उंच पाठीच्या महसीरलाही तेच नाव जोडले. २०१३ मध्ये साइक्सच्या वर्णनाची फेरतपासणी होऊन ही जाती ‘हायप्सेलोबार्बस’मध्ये गेली, २०१८ मध्ये कावेरीचा महसीर ‘टॉर रेमादेवी’ ठरला. मूळ वर्णन व ठिकाण यांच्याशी हेच मत अधिक जुळते. जुन्या शिकारवृत्तांतांतील ‘मुसळा’ मात्र नेमका कोणता मासा होता, हे केवळ नावावरून ठरविणे धोक्याचे.

महसीरच्या जबड्यांत दात नसतात; घशातील दातांनी तो शिंपले व खेकडे भरडतो. पावसाळ्यात पूर चढला की तो विणीसाठी वरच्या अंगाला, खडकाळ उथळ पाण्याकडे जातो. धरणांनी ती वाट अडते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपन्यांच्या केंद्रात सत्तरीच्या दशकापासून कृत्रिम प्रजनन होते, सी. व्ही. कुलकर्णी यांचे त्यातील काम प्रसिद्ध आहे. तेथील बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) देशभर गेली, आणि त्यांतली काही कावेरीत सोडल्यावर त्या नदीतील स्थानिक महसीरवर त्यांचा ताण आला. संवर्धनाच्या लेखांत ही बाजू क्वचितच येते.

खडकवासला धरण सुमारे १८७९-८० चे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या फुटण्याने तेही फुटले आणि नंतर पुन्हा बांधण्यात आले. आज या जलाशयांत गळाला वारंवार लागते ती चिलापी, म्हणजे मूळची आफ्रिकेतील, १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापिया. कटला, रोहू व मृगळ हेही गंगेच्या खोऱ्यातून आणून सोडलेले.

देहू येथे इंद्रायणीच्या डोहातील मासे देवाचे मानतात. तेथे गळ टाकत नाहीत.