प्रत कोणती पाहिली? स्पॅगेटी वेस्टर्नवरच्या मतभेदांची पार्श्वभूमी

स्पॅगेटी वेस्टर्नवरून, म्हणजे इटालियनांनी युरोपात बनवलेल्या काउबॉयपटांवरून, दोन रसिकांचं जमत नसेल, तर दोघांनी एकच चित्रपट पाहिलाय का, हे आधी विचारावं. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' एकाला रेंगाळलेला वाटतो आणि दुसऱ्याला बांधेसूद, कारण एकाने जवळपास तीन तासांची प्रत पाहिलेली असते आणि दुसऱ्याने १६१ मिनिटांची. कुणाला सगळा रंग पिवळट दिसतो. कुणाला ओठ आणि संवाद जुळत नाहीत म्हणून सगळंच स्वस्तातलं वाटतं. यातली बहुतेक मतं हे चित्रपट ज्या रीतीने बनले आणि विकले गेले, तिथवर नेऊन पोचवता येतात.

१९६०च्या सुमारास रोमच्या स्टुडिओंचं पोट हर्क्युलिसछाप पौराणिक पटांवर चालत होतं. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा दिग्दर्शक सर्जो लिओने, त्याचं दिग्दर्शक म्हणून नाव लागलेला पहिला चित्रपटही, १९६१चा 'द कोलोसस ऑफ ऱ्होड्स', त्याच जातकुळीचा. दोन-तीन वर्षांत प्रेक्षक त्याला कंटाळले. तिकडे पश्चिम जर्मनीत १९६२पासून जर्मन लेखक कार्ल मायच्या कादंबऱ्यांवरचे वेस्टर्न युगोस्लाव्हियात चित्रित होऊन धंदा करत होते. युरोपात बनवलेला वेस्टर्न चालतो, हे निर्मात्यांना त्यातून कळलं. मग इटली, स्पेन आणि पश्चिम जर्मनीच्या पैशांतून १९६४ साली लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' उभा राहिला. खर्च साधारण दोन लाख डॉलर, त्यात नायक क्लिंट ईस्टवुडचे १५ हजार. गावाचा सेट माद्रिदजवळच्या होयो दे मान्सानारेसमध्ये, वाळवंट दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरियाचं. चित्रपट अमेरिकन वाटावा म्हणून लिओने झाला बॉब रॉबर्टसन, नट जान मारिया वोलोन्ते झाला जॉन वेल्स आणि संगीतकार एन्यो मोरिकोने झाला डॅन साव्हियो.

कथा जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या १९६१च्या 'योजिम्बो'ची होती आणि परवानगी घेतलेली नव्हती. 'योजिम्बो'च्या तोहो कंपनीने दावा केला. तडजोडीत जपानी बाजूला जगभरच्या उत्पन्नाचे १५ टक्के आणि जपानसह काही देशांतले वितरणहक्क मिळाले. या भानगडीत अमेरिकेतलं प्रदर्शन जानेवारी १९६७पर्यंत लांबलं. परिणामी इटलीत १९६४, १९६५ आणि १९६६ साली आलेले लिओनेचे तीन चित्रपट ('द गुड, द बॅड अँड द अग्ली' त्यातला तिसरा) अमेरिकन प्रेक्षकाने एकाच वर्षात पाहिले. तिसऱ्यापर्यंत लिओनेची पकड किती वाढली होती, हे त्या घाईत अनेक समीक्षकांच्या नजरेतून निसटलं, असं आमचं मत आहे.

आता चित्राबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. यातले बरेच चित्रपट टेक्निस्कोपवर घेतलेले आहेत. टेक्निकलरच्या रोममधल्या शाखेने ही पद्धत काढली. नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर एक चौकट चार छिद्रांची जागा घेते, इथे फक्त दोन छिद्रांची. त्यामुळे १,००० फुटांचं रीळ ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटं चाले आणि कच्च्या फिल्मचा खर्च निम्म्यावर येई. रुंद पडद्याचा आकार नंतर प्रिंट काढताना मिळे. तोपर्यंत रुंद पडद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अॅनामॉर्फिक भिंगांनी फार जवळ गेलं की चेहरा फुगल्यासारखा दिसायचा. टेक्निस्कोपला साधी गोल भिंगं चालत, त्यामुळे कॅमेरा डोळ्यांपर्यंत नेता आला. शिवाय त्याच दृश्याला कमी नाभीय अंतराचं (फोकल लेंथचं) भिंग लागत असल्याने पुढचा घामेजलेला गाल आणि मागे क्षितिजावरचा घोडेस्वार, दोन्ही स्पष्ट राहत. लिओनेचे ते प्रसिद्ध डोळे असे काटकसरीच्या पद्धतीतूनच शक्य झाले.

त्याची किंमतही होती. निगेटिव्ह निम्मं म्हणजे पडद्यावर चित्राचे बारीक दाणे मोठे. कॅमेऱ्यात फिल्मसमोरच्या चौकटीत (गेटमध्ये) अडकलेला केस दुप्पट मोठा दिसे, आणि दोन चौकटींमधली फट अरुंद असल्याने फिल्म कापून जोडलेल्या जागेची रेष चौकटीच्या कडेला चमकून जाई. टेक्निकलरच्या रंग-छपाईत प्रिंट थेट निघत होती तोवर हे खपून गेलं. सत्तरच्या दशकात ती छपाई बंद पडत गेली, मधे आणखी एक-दोन नकला आल्या आणि चित्र मळकट झालं. टीव्हीवर आणि जुन्या कॅसेटवर पाहिलेली प्रत बहुधा अशीच, वर चौकोनी पडद्यासाठी कापलेली. उंचीच्या २.३५ पट रुंद चित्र १.३३ पट रुंद चौकटीत बसवलं की सुमारे ४३ टक्के भाग जातो. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या शेवटच्या तिघांच्या द्वंद्वात त्यातला एक जण कायम चौकटीबाहेर! अशा प्रतीवरून चित्रणाला नावं ठेवणं अन्यायाचं आहे. उलट टोकाला, दाणे पुसून काढलेल्या डिस्कवर चेहरे मेणाचे वाटतात. टेक्निस्कोपला दाणा असणारच.

आवाजाचं गणित वेगळं. इटलीत तेव्हा सेटवर ध्वनिमुद्रण करून तेच वापरायची पद्धत नव्हती. जो तो नट आपापल्या भाषेत बोले आणि नंतर सगळं डब होई. म्हणून 'मूळ भाषेत पाहा' हा सल्ला इथे लागू पडत नाही, इटालियन साउंडट्रॅकही डबच आहे. त्यात ईस्टवुडला एन्रिको मारिया सालेर्नोचा आवाज आहे. आमचा कल असा: ईस्टवुड, ली व्हॅन क्लीफ, इलाय वॉलक या अमेरिकन नटांनी इंग्रजीत स्वतःचे आवाज दिलेत, तेव्हा लिओने इंग्रजीत पाहावा. दुसरा इटालियन दिग्दर्शक सर्जो कोर्बुच्ची याचा १९६६चा 'जँगो' मात्र इटालियनमध्ये पाहावा. त्याचा नायक फ्रँको नीरोचा स्वतःचा आवाज दोन्ही भाषांत नाही, पण आमच्या कानाला इटालियन डबिंग जास्त जमलेलं वाटतं.

कोर्बुच्चीबद्दल थोडं थांबायला हवं, कारण लिओनेच्या फूटपट्टीने त्याला मोजून लोक निराश होतात. लिओनेकडे धूळ, कोर्बुच्चीकडे चिखल. १९६८च्या 'द ग्रेट सायलेन्स'मध्ये तर बर्फ, नायक मुका आणि शेवट असा की निर्मात्यांना धास्ती वाटावी. काही बाजारपेठांसाठी सुखान्तही चित्रित केला होता. तो अतिरिक्त साहित्य म्हणून पाहावा, चित्रपट म्हणून नव्हे. सर्जो सोल्लिमा आणि दामियानो दामियानी यांनी मेक्सिकन क्रांतीच्या आडून राजकारण मांडलं. १९७०च्या 'दे कॉल मी ट्रिनिटी'नंतर टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर या नटांच्या जोडीची गंमत-हाणामारी चालू झाली आणि गंभीर वेस्टर्नचा बाजार उतरला.

प्रतींचा घोळ सगळ्यात जास्त 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा. परदेशासाठी तो १६१ मिनिटांवर आणला गेला. २००३च्या आवृत्तीत इटालियन प्रतीतली दृश्यं परत आली, पण त्यांना इंग्रजी आवाजच नव्हता. ईस्टवुड आणि वॉलक यांनी ते संवाद तेव्हा नव्याने दिले. व्हॅन क्लीफ १९८९ साली गेले होते, म्हणून दुसरा आवाज घ्यावा लागला. कान देऊन ऐकलं तर तरुण चेहऱ्यातून म्हातारा घोगरेपणा येतो, आणि तो जिथे येतो तिथेच भर घातलेला भाग आहे हे ओळखावं. २०१४च्या ४के (अतिस्पष्ट डिजिटल) पुनर्संचयनात रंग पिवळसर झाले, त्यावरून अजून भांडणं होतात. युरोपातल्या डीव्हीडीवर वेळ १५५ मिनिटांच्या आत दिसली तर लगेच कापलेली समजू नये: सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटी चालल्या की १६१ मिनिटांची फिल्म चार टक्के लवकर संपते, आणि मोरिकोनेच्या संगीतातली शिट्टीही किंचित वरच्या पट्टीत जाते.

आपल्याकडे हे सगळं घरोघरी पोचलं ते 'शोले'तून. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येमागे लिओनेच्या १९६८च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधलं मॅकबेन कुटुंबाचं हत्याकांड उघड दिसतं. तिथे रातकिडे अचानक गप्प होतात, इथे रिकामा झोपाळा करकरत राहतो. दोन्हीकडे संगीत मागे सरतं आणि साध्या आवाजावर भीती उभी राहते. प्रतींचा प्रश्नही 'शोले'ला सुटला नाही. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने शेवट बदलायला लावला आणि ठाकूरने केलेला गब्बरचा अंत बाजूला पडला. तो शेवट असलेली पुनर्संचयित प्रत जून २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. लिओनेच्या त्या पिवळसर ४के प्रतीचं कामही बोलोन्यातल्याच प्रयोगशाळेत झालं होतं.