शाश्वत वास्तुरचना (सातारा जिल्हा)

जागेचे ऊन, वारा, पाऊस आणि जवळपास मिळणारे साहित्य पाहून इमारत अशी आखायची की उजेड, थंडावा व पाणी यांसाठी वीज कमीत कमी लागावी, या पद्धतीला शाश्वत वास्तुरचना म्हणतात. सेन्सर, संगणकीय प्रारूप व स्वयंचलित नियंत्रणे यांची जोड मिळाली की तिलाच ‘स्मार्ट’ हे विशेषण लागते. सातारा जिल्ह्यात तिचा एकच साचा चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिमी.च्या आसपास पाऊस कोसळतो, तर माण-खटावात पाचशेचाही भरवसा नसतो.

जुन्या बांधकामात हा फरक लगेच दिसतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे जांभ्याच्या भिंती आणि चांगल्या उताराची छपरे. पाऊस सुरू होण्याआधी भिंतींना वाळल्या गवताच्या झडी बांधतात. (आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक आले आहे.) माणदेशात जाड भिंती आणि वर मातीचे माळवद (सपाट छप्पर), दुपारची धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. लिंब येथील बारामोटेच्या विहिरीतील (१७१९–२४) महाल सभोवारच्या जमिनीमुळे व पाण्यामुळे उन्हाळ्यातही गार राहतो.

जाड भिंतीचे गोडवे गाताना कोयनेचा विसर पडू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती मोठ्या प्रमाणावर ढासळल्या. म्हणून आज दगडी काम करायचे तर भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड आणि जोते, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) व छत या पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे हवेतच.

आराखड्यातला पहिला प्रश्न दिशेचा. सातारा शहर सुमारे १७.७° उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४९ अंशांवर असतो, २१ मार्चच्या सुमारास ७२ अंशांवर. दक्षिण खिडकीवरचा ६० सेंमी.चा छज्जा त्यामुळे मार्चमध्ये दुपारी जवळजवळ १.९ मी. खालपर्यंत, म्हणजे पूर्ण खिडकीवर, सावली धरतो. डिसेंबरमध्ये ती जेमतेम ७० सेंमी. उतरते आणि हवेहवेसे ऊन घरात येते. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकतो, हे मात्र नकाशा काढताना हमखास विसरले जाते. पश्चिमेच्या तिरप्या उन्हापुढे छज्जा हतबल ठरतो. तिथे जाळी किंवा झाड लावावे, नाहीतर जिना आणि न्हाणीघर त्या बाजूला टाकावे.

हे सगळे भिंती उभ्या राहण्याआधी तपासता येते. ‘स्केचअप’ या त्रिमितीय आराखड्याच्या संगणक प्रणालीत सावल्या दिसतात, तर ‘एनर्जीप्लस’ ही प्रणाली इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब देते. निवासी इमारतींसाठीची ‘इको-निवास संहिता’ (२०१८) शीत प्रदेश वगळता भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौ.मी.ला १५ वॅटची मर्यादा घालते. ‘गृह’ (GRIHA) हे हरित इमारतींचे भारतीय मानांकनही आहे. रस्त्याकडेला काचेचा दर्शनी भाग लावून आत दिवसभर एसी चालवणाऱ्या इमारतीला सेन्सर लावले तरी मूळ चूक निस्तरत नाही.

पूर्व भागात खरा कस पाण्याचा. १०० चौ.मी. गच्चीवर ५०० मिमी. पाऊस झाला की गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे ४०,००० लिटर पाणी हाती लागते. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांचे जवळपास अडीच महिने निघतात. त्यासाठी टाकी जोत्याच्या खोदाईबरोबरच काढावी लागते. घर उभे राहिल्यावर तिला जागाही सापडत नाही आणि खर्चही वाढतो.