गोगलगाय, महामार्ग आणि चुन्याचं पाणी

आयर्लंडमधल्या किल्डेअर गावाला वळसा घालणारा महामार्ग २००३ च्या अखेरीस खुला झाला. त्याआधी तो रखडला होता, आणि जेमतेम दोन मिलिमीटरच्या गोगलगायीने रस्ता अडवला म्हणून यथेच्छ टिंगल झाली. अशा बातम्या वाचून ‘पर्यावरणवाद्यांचं नेहमीचंच’ म्हणत आपणही मोकळे होतो. पण तिथला खरा प्रश्न पाण्याचा होता. रस्ता जमिनीत खोल खणून न्यायचा, म्हणजे भूजल उपसणं आलं. आणि त्याच भूजलावर जवळचं पोलार्ड्सटाउन फेन जगतं. ती गोगलगाय या फेनची रहिवासी.

फेन ही पीट साचणारी पाणथळ जागा. पाण्याखाली ऑक्सिजन तुटपुंजा, त्यामुळे मेलेली झाडंझुडपं पुरती कुजत नाहीत. अर्धवट कुजलेल्या अवशेषांचे थरावर थर चढतात, तेच पीट. (गच्चीवरच्या कुंड्यांत घालतो ते कोकोपीट हा नारळाच्या सोडणाचा भुसा, त्याचा इथे संबंध नाही.) पीट ‘बॉग’मध्येही साचतं. पण बॉगला फक्त पावसाचं पाणी मिळतं, तर फेनला खडकामातीतून झिरपून, खनिजं घेऊन आलेलं.

कोणत्या खडकातून आलेलं, यावर पुढची वर्गवारी ठरते. स्वीडनचे ह्यूगो श्योर्स यांनी १९५० च्या सुमारास उत्तर स्वीडनमधल्या अशा जागांची वनस्पतींची यादी आणि पाण्याचं रसायन शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. दोन्ही बऱ्यापैकी जुळतात. सामू (pH; आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) साधारण चार ते साडेपाच, कॅल्शियम कमी, वर स्फॅग्नम मॉसची (शेवाळासारख्या बुटक्या वनस्पतीची) गादी: हे ‘गरीब’ फेन. सामू सहाच्या वर, कॅल्शियम भरपूर, तपकिरी मॉस आणि बुटक्या लव्हाळ्यांची गर्दी: हे ‘श्रीमंत’ फेन. सामू एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात, हे लक्षात ठेवलं तर चार आणि सातमधली दरी कळेल.

आता गंमत. श्रीमंत फेनमधली झाडं उपाशी असतात!

पावसाचं पाणी मातीत मुरताना मुळं आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवतं. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन ते झऱ्यातून वर येतं. हवेत कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून पाण्यातला वायू निसटतो. उरलासुरला मॉस प्रकाशसंश्लेषणासाठी ओढून घेतं. समतोल ढळतो आणि कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन मॉसच्या काड्यांवर बसतं, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर थर चढावा तसं. हे स्फटिक वाढताना पाण्यातलं फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि पुढच्या थराखाली गाडलं जातं. फॉस्फरस डोळ्यांसमोर, पण मुळांना मिळत नाही. उंच बोरूसारख्या दांडग्या गवतांना अशा उपासमारीत माजता येत नाही, म्हणून ऑर्किड, लव्हाळी, चिकट पानांवर चिलटं पकडणारी पिंग्विक्युला अशा छोट्यांना ऊन मिळतं. कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं शिकार करतात तीही जमिनीच्या दारिद्र्यापायीच, फक्त तिथे चुना नाही, जांभा आहे.

‘अल्कलाइन’ पाण्याची महागडी यंत्रं विकणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. सामू वाढला म्हणून पाणी पौष्टिक होत नाही. इथे तर तेच पाणी झाडांचं खाद्य काढून घेतं. आणि आपल्या जठरात सामू दोनच्या आसपास, तिथे त्या बाटलीतल्या पाण्याचा अल्कलीपणा किती टिकणार?

भूजल थोडं जरी खाली गेलं तरी झऱ्याचा रेटा कमी होतो, पीटमध्ये हवा शिरते, ते कुजू लागतं आणि कोंडलेलं नत्र आणि फॉस्फरस मोकळं होतं. मग बोरू माजतो आणि बाकीचे गुदमरतात. किल्डेअरला अखेर खणलेल्या भागात जलरोधक अस्तर घालून रस्ता बांधला, ते यासाठी.

वर्गवारी मात्र वाटते तितकी सरळ नाही. स्फॅग्नमच्या पेशीभित्तिका कॅल्शियमचे आयन धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात. म्हणजे हे मॉस स्वतःभोवतीचं पाणी स्वतःच आंबट करतं. श्रीमंत फेनमध्ये एखादा उंचवटा झऱ्याच्या पाण्याच्या वर आला, की त्याला फक्त पाऊस मिळतो, तिथे स्फॅग्नम ठाण मांडतं आणि पायथ्याशी सामू सात असताना माथ्यावर चार भरतो. युरोपीय संघाच्या अधिवास-यादीत अशा अल्कधर्मी फेनला ७२३० असा एकच क्रमांक आहे, पण आत पावलापावलावर असा फरक असतो. ब्रिटनमध्ये पाहणी करणारे म्हणूनच बऱ्याचदा दोन बाय दोन मीटरची चौकट टाकून तेवढ्यातल्याच वनस्पती नोंदवतात. सामूसाठी पाणीही त्याच चौकटीतलं घ्यावं लागतं. शेजारच्या डबक्यातलं चालत नाही.