गोदावरीच्या मुखाकडून उगमाकडे: नाशिकच्या अंगणातली फुलझुडपे

नाशिकच्या एखाद्या रोपवाटिकेत फुललेल्या झुडपांच्या रांगेपाशी "हे रोप कुठलं?" असं विचारलं, तर बरेचदा उत्तर येतं, "आंध्रचा माल आहे, दादा." हा आंध्र म्हणजे राजमहेंद्रीजवळचं कडियम. गोदावरी समुद्राला मिळण्याआधी तिला जिथे फाटे फुटतात, त्या त्रिभुज प्रदेशातलं हे गाव. तिथल्या शेकडो रोपवाटिकांमधून देशभर रोपं जातात. त्र्यंबकेश्वरहून निघालेली नदी १,४६५ किलोमीटर वाहून जिथे संपत आलेली असते, तिथून रोप ट्रकमध्ये बसून उलट, उगमाकडे येतं. नदी एकच, पण तिची दोन टोकं झाडाच्या लेखी फार निराळी आहेत. तिकडे समुद्राजवळची दमट हवा, उबदार हिवाळा आणि गाळाची माती. इकडे समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंची, एप्रिलच्या दुपारी ठणठणीत कोरडी हवा, जानेवारीत दहा अंशांखाली उतरणारा पारा आणि पायाखाली बसाल्टपासून झालेली काळी माती.

रोपवाटिकेत आपण फूल बघून झुडूप घेतो. ते जगणार की नाही हे मात्र माती आणि पाणी ठरवतात, आणि जगलं तर फुलणार की नाही हे बहुतांशी कात्री ठरवते. कीड, रोग, खत हे सगळं त्यानंतर येतं.

आधी मातीचं. नाशिकची काळी माती साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यातली चिकणमातीची खनिजं पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात. पावसाळ्यात उलट होतं. माती फुगून तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, त्यात पाणी साचून राहतं आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. प्राणवायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मुळंही श्वास घेतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये पाण्यात उभं असलेलं झुडूप मान टाकतं ते बहुधा मुळं गुदमरल्यामुळे. लोक त्याला तहानलेलं समजून आणखी पाणी घालतात.

अशा जमिनीत खोल खड्डा खणून त्यात लाल माती नि शेणखत भरण्याची पद्धत सर्रास आहे. मला ती मुळीच पटत नाही. आत भुसभुशीत माती आणि चहूबाजूंनी चिकण, म्हणजे खड्ड्याचा हौद होतो. पावसाचं पाणी आजूबाजूने येऊन त्यात साठतं, बाहेर जाऊ शकत नाही. तळाला दगड-विटांचे तुकडे टाकले तरी उपयोग होत नाही, कारण बारीक कणांच्या मातीत धरून ठेवलेलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत तिथेच थांबतं. त्यापेक्षा खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल पण दोन-तीन पट रुंद घ्यावा, त्यातलीच माती थोडं कुजलेलं खत मिसळून परत भरावी आणि झुडूप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच राहील असं लावावं. पाणी निचरतं का हे बघायचं असेल तर फूटभर खड्डा खणून दोनदा पाण्याने भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच असेल, तर त्या जागी सरळ गादीवाफा, म्हणजे मातीचा उंच वाफा, करा.

बाहेरून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती बरेचदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच पुरला आणि एकदा कडक वाळला, की पाणी त्याच्या कडेकडेने निघून जातं आणि आत मुळं कोरडीच राहतात. लावण्यापूर्वी गोळा पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हाताने मोकळी करावी, पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं कापून टाकावीत. आणि शेडनेटखालचं रोप आणलं त्याच दिवशी पश्चिमेच्या उन्हात लावू नये. सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं आणि ते उन्हासाठी नंतर बदलू शकत नाही. नवी पालवी मात्र उन्हाच्या बेताने जाड येते. तेवढी सवड, म्हणजे दोन-तीन आठवडे, त्याला अर्धवट सावलीत मिळाली पाहिजे.

आता एक्झोराकडे येऊ. नाशिकमध्ये सगळ्यांत जास्त विकल्या जाणाऱ्या आणि सगळ्यांत जास्त रडवणाऱ्या झुडपांमध्ये त्याचा नंबर वर लागतो. लाल-केशरी गुच्छ पाहून माणूस घेतो, आणि वर्षभरात कोवळी पानं पिवळी पडायला लागतात. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. हा लोहाचा अभाव. गंमत अशी, की ज्या बसाल्टपासून ही माती झाली तो लोहाने भरलेला आहे. लोह जमिनीत ढीगभर असतं, पण झाडाला घेता येत नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, तिचा सामू (पीएच) आठच्या आसपास असतो. सामू एकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळणारं लोह सुमारे हजार पटीने कमी होतं. त्यात बोअरचं पाणी बायकार्बोनेटवालं असेल तर आगीत तेल. नव्या बंगल्याभोवती बांधकामाचं डबर आणि सिमेंट पुरलेलं असतं, त्याचा चुना आणखी वेगळा.

पिवळेपणा कुठून सुरू होतो ते आधी बघावं. नत्र झाडात हलतं, त्यामुळे नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं आणि खालची पानं पिवळी होतात. लोह तसं हलत नाही, म्हणून शेंड्याकडची पानं आधी पिवळी पडतात. हा फरक न बघता युरिया टाकला, तर नवी पालवी आणखी जोमाने फुटते आणि आणखी पिवळी दिसते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जमिनीत टाकला तर चुनखडीच्या मातीत तो काही दिवसांतच निरुपयोगी होतो. पानांवर फवारला तर तात्पुरता हिरवेपणा येतो. चिलेटेड लोह, म्हणजे जमिनीत अडकून पडू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह, घ्यायचंच असेल तर पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्यावं. ईडीटीए प्रकारचं लोह स्वस्त मिळतं, पण जास्त सामूच्या जमिनीत ते टिकत नाही. द्राक्षबागायतदारांना हे नवं नाही, त्यांच्या दुकानात दोन्ही मिळतात. माझं मत विचाराल तर एक्झोरा मोठ्या कुंडीत, लाल माती आणि पालापाचोळ्याच्या खतात लावावा, आणि शक्य तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्यावं. जमिनीत चुनखडी आहे की नाही ते पाहायला चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर उत्तर मिळालं.

मग जमिनीत लावायचं काय? जिल्ह्याचा पाऊस आधी डोळ्यांपुढे आणावा. इगतपुरीला तो ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, नाशिक शहरात साधारण ७००, आणि सिन्नर-येवल्याच्या बाजूला ५००च्या आसपास. त्र्यंबकच्या फार्महाउसला शोभणारी यादी सिन्नरच्या घराला लागू पडत नाही. शहरात आणि पूर्वेला कण्हेर, बोगनवेल, पिवळा टेकोमा, तगर, कुंती, अडुळसा, कोरांटी ही मंडळी काळ्या मातीत बिनतक्रार राहतात. बोगनवेलीला तर पाण्याचे फार लाड केले की ती नुसती पानांनीच वाढते. थोडा ताण आणि लहान दिवस मिळाले की रंगते. तो रंगही फुलाचा नसतो. रंगीत दिसतात ती फुलाभोवतीची पानं, खरी फुलं आत तीन, बारीक, पांढरट नळीसारखी असतात.

कण्हेरीच्या पानाची मागची बाजू भिंगाखाली बघण्यासारखी आहे. बहुतेक झाडांची पर्णरंध्रं पानाच्या पृष्ठभागावर असतात. कण्हेरीची मात्र बारीक खळग्यांत दडलेली असतात आणि खळग्यांत केस असतात. खळग्यात ओलसर हवा अडून राहते, बाहेरचा कोरडा वारा थेट रंध्रांना लागत नाही, म्हणून पाणी कमी उडतं. महामार्गाच्या दुभाजकात ती तग धरते त्याचं हे एक कारण. पण कण्हेर लावताना तिचं विष विसरू नये. तिच्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. पिवळी कण्हेर वनस्पती म्हणून वेगळी आहे, तरी विषाच्या बाबतीत तिची धाकटी नाही. घरात रांगतं मूल असेल किंवा शेजारी शेळ्या असतील, तर दोन्ही नकोत, आणि छाटलेल्या फांद्या शेकोटीतही नकोत. दुरांटाची पिवळी फळंही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. घाणेरीचं रंगीत रोप कितीही गोजिरं दिसलं तरी मी सुचवणार नाही. तिने आपल्या डोंगरांचं काय केलं आहे ते पाहायला फार लांब जावं लागत नाही.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी डोंगरातली झुडपं अंगणात आणावीत, अर्थात बी किंवा रोपवाटिकेतून, उपटून नव्हे. त्र्यंबक-अंजनेरीच्या मुरमाड उतारांवर उन्हाळा लागताना धायटी लालभडक फुलते, तेव्हा तिची पानं बरीचशी गळालेली असतात. नळीसारख्या फुलांतल्या मधासाठी शिंजीर पक्षी दिवसभर तिच्यावर असतात. आयुर्वेदात आसव-अरिष्टं आंबवताना हीच फुलं घालतात. वाइनरींच्या या जिल्ह्यात तिला बंगल्याच्या अंगणात जागा मिळू नये हे विचित्रच. कोरड्या बाजूला तरवड. त्याच्या पिवळ्या फुलात मध नसतो, परागकण बारीक छिद्र असलेल्या कोशात बंद असतात. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा ते बाहेर उडतात. शांत सकाळी तो गुणगुणाट चांगला ऐकू येतो.

जागेबद्दल थोडक्यात: पिशवीतलं रोप दीड फुटाचं असलं तरी कण्हेर आठ-दहा फूट पसरते, बोगनवेल मोकळी सोडली तर त्याहून जास्त. भिंतीपासून त्या पसाऱ्याच्या निम्म्याइतकं अंतर ठेवलं की पुढची निम्मी छाटणी वाचते.

उरलेल्या छाटणीसाठी गुरू शोधायला बाहेर जायला नको. नाशिकचा बागायतदार वर्षातून दोनदा द्राक्षाची छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून नव्या काड्या येतात. त्या काड्यांवरच्या डोळ्यांत, म्हणजे न फुटलेल्या कोंबांत, उन्हाळ्यातच सूक्ष्म घड तयार होतात. ऑक्टोबरच्या छाटणीत घड असलेला डोळा राखून काडी कापली जाते. कात्री लावण्यापूर्वी फूल कुठल्या डोळ्यात आहे हे त्याला ठाऊक असतं. अशा जिल्ह्यात बंगल्याची जास्वंद मात्र दर पंधरवड्याला वरून सपाट भादरली जाते आणि मग "हिला फुलंच येत नाहीत" म्हणून खत टाकलं जातं. जास्वंदीची कळी नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येते. ती फूट वाढून कळी धरायच्या आतच कापली गेली तर फूल येणार कुठून?

शेंडा मारला की खालचे डोळे फुटतात हे प्रत्येक माळ्याला माहीत आहे. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, हे १९३० च्या दशकात दिसून आलं. कापलेल्या शेंड्याच्या जागी ऑक्झिन लावलं की बगलेतले डोळे झोपलेलेच राहिले. पुढे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्यावर दाखवलं, की शेंडा कापल्यावर खालच्या डोळ्यापर्यंत आधी साखर पोहोचते, ऑक्झिन कमी होण्याच्याही अगोदर. शेंडा सगळी साखर ओढून घेत असतो. तो गेला की ती डोळ्यांच्या वाट्याला येते आणि तिथून फुटीची सुरुवात होते. म्हणून भरपूर पानं असलेल्या, उन्हातल्या झुडपाला छाटणीनंतर जोमदार फुटवे येतात आणि सावलीतलं, उपाशी झुडूप कापलं तर फुटवेही मरतुकडे निघतात.

इंटरनेटवरचे विलायती सल्ले इथे जपून वापरावेत. तिकडच्या अनेक झुडपांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर बसून बर्फाळ हिवाळा काढतात. आपल्याकडची जास्वंद, बोगनवेल, टेकोमा, रातराणी नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे बहर ओसरला की छाटायला हरकत नाही. मोगऱ्याला हिवाळ्यात पाणी तोडून ताण द्यावा, मग छाटून, खत घालून पाणी सुरू करावं. मार्चपासून कळ्या लागतात.

सपाट भादरण्याचा आणखी एक तोटा आहे. वरचे शेंडे दाट होऊन पानांचं एक कवच तयार होतं आणि आत उजेड जात नाही. आत नुसती काटकी आणि कोंदट हवा. पिठ्या ढेकणाला, म्हणजे मिलीबगला, अशी जागा फार आवडते. दरवर्षी सगळ्यांत जुन्या फांद्यांपैकी एक-तृतीयांश बुडापासून काढल्या तर झुडूप मोकळं राहतं. जास्वंदीवरचा गुलाबी मिलीबग हाच द्राक्षाच्या घडातही शिरणारा मिलीबग आहे, त्यामुळे मळ्यातल्या घराशेजारी जास्वंद असेल तर तिच्याकडे बागेइतकंच लक्ष हवं. मुंग्या त्याच्यातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करतात, म्हणून आधी बुंध्यावरची मुंग्यांची वाट तोडावी. आणि औषध मारण्यापूर्वी जरा निरखून बघावं. ऑस्ट्रेलियातून आणलेला क्रिप्टोलेमस हा भुंगेरा मिलीबग फस्त करतो, पण त्याची अळीही अंगावर तसेच पांढरे मेणचट धागे घेऊन फिरते. मिलीबगपेक्षा ती मोठी असते आणि चटचट चालते. ती दिसली तर फवारा बाजूला ठेवावा आणि मिलीबगने भरलेले शेंडे तेवढे कापून पिशवीत बंद करावेत.