गाडी थांबल्यावरच जळका वास का येतो?

गाडी चालवताना काहीच जाणवत नाही, पण इंजिन बंद करून दार उघडलं की नाकात जळका वास भरतो. बिघाड नुकताच झाला असावा असं वाटतं, पण तो बऱ्याच आधीपासून असू शकतो. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा बोनेटखालची वाफ आणि धूर मागे उडवून नेतो. गाडी थांबली की तो वारा नाहीसा होतो. बहुतेक गाड्यांत इंजिनाबरोबर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, फिरवणारा पंपही बंद पडतो, मात्र धातूत साठलेली उष्णता बाहेर पडतच राहते. त्यामुळे पुढची काही मिनिटं बोनेटखालचं तापमान उतरण्याऐवजी चढतं. झिरपलेलं तेल, सायलेन्सरला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी, इंजिनाच्या कोपऱ्यात अडकलेला पालापाचोळा, सगळ्यांचा वास नेमका तेव्हाच उठतो.

म्हणून वास कसला आहे यापेक्षा तो कधी आणि कुठून येतो, हे आधी पाहावं. त्यातही उशीर नको, कारण तोच वास सतत येत राहिला तर नाक काही मिनिटांत त्याला सरावतं आणि तो कमी झाल्यासारखा भासतो. उतरल्या उतरल्या बोनेटजवळ आणि मग चारही चाकांजवळ एक फेरी मारावी.

वास चाकाशी असेल तर संशय ब्रेकवर. ब्रेक गाडीच्या गतीचं रूपांतर उष्णतेत करतात. 1200 किलोची गाडी ताशी 80 किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे 3 लाख जूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. एवढ्यात जवळजवळ एक लिटर पाणी उकळीला येईल. तीच गाडी 600 मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे 70 लाख जूल मोकळे होतात. त्यातला थोडा भाग हवेचा विरोध खातो. उरलेला भार इंजिनाने घ्यावा म्हणून उतारावर खालचा गिअर टाकायचा. तसं न करता पाय ब्रेकवरच ठेवला, तर चाकाच्या डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या पॅडमधला राळेसारखा बंधक पदार्थ जळू लागतो आणि उग्र वास सुटतो. धोका मात्र वासाच्या पुढचा आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 4 प्रकारचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खोल जातं आणि ब्रेक लागत नाही. असा वास आला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकू शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो.

सपाट रस्त्यावर, फारसा ब्रेक न वापरताही एकाच चाकाजवळ वास आणि धग जाणवली, तर ब्रेक जाम झालाय: कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय किंवा हँडब्रेक पूर्ण सुटलेला नाही. चाकाला हात लावायचा नाही, जवळ नेला तरी फरक कळतो.

क्लचचा वासही याच जातीचा, फक्त तो गाडीच्या पुढच्या भागातून येतो. चढावरच्या कोंडीत हाफ क्लचवर गाडी तोलली की प्लेट घासत राहते. गाडी निवल्यावर वास गेला आणि पुन्हा आला नाही, तर काळजीचं कारण नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग वाढत नाही असं दिसलं, तर प्लेट झिजलेली आहे.

बोनेटखालून येणारा तेलकट, डोळ्यांना झोंबणारा वास बहुतेकदा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपलेल्या तेलाचा असतो. ते ओघळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडतं. जोर लावून चालवल्यावर मॅनिफोल्ड 500 अंशांच्या पुढे जातो आणि इंजिन ऑइल त्याच्या बरंच आधी धुरायला लागतं. अशी गळती पेटूही शकते, म्हणून ‘थोडंसंच आहे’ म्हणत महिनोन्महिने चालवू नये. गोडसर वास आला तर कूलंट गळतंय. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

मला सर्वांत जास्त धास्ती वायरिंगच्या वासाची वाटते. सैल जोडाचा रोध वाढतो आणि सगळी उष्णता त्या एका ठिकाणी तयार होते. करंट मर्यादेतच असल्यामुळे फ्यूज उडत नाही आणि आवरण मात्र वितळत जातं. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो घशाला झोंबतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज घातला, तर त्याच्या जागी वायर जळेल. असा वास आला की इंजिन बंद करून सगळ्यांना खाली उतरवावं. धूर दिसला तर बोनेट उघडू नये. आत हवा गेली की आग भडकते. दूर जाऊन अग्निशमन दलाला बोलवावं. पेट्रोलचा वास आला तरीही गाडी पुन्हा सुरू करायची नाही.

नव्या गाडीच्या सायलेन्सरवरचा लेप पहिल्या काही फेऱ्यांत जळतो, तो वास आपोआप जातो. डिझेल गाडीतला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करताना साधारण 550 ते 600 अंशांपर्यंत तापतो. मधेच इंजिन बंद केलं तर जळका वास येतो आणि पंखा फिरत राहतो. तो बिघाड नाही.

धुराड्याचा वास गाडीच्या आत येत असेल, तर मात्र खिडक्या उघडून लगेच थांबावं. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. डोकं दुखणं, गरगरणं ही त्याची लक्षणं. एक्झॉस्टची गळती दुरुस्त होईपर्यंत ती गाडी चालवू नये.